खिडकी नंबर दोनची चढाई

हिमालयाबद्दल माझी कधीच काही तक्रार नव्हती. लोकांनी तिथे जावं, फोटो काढावेत, धडधाकट परत यावं, आणि परत नाहीच आले तर निदान त्यांचे कागद तरी व्यवस्थित असावेत, एवढीच माझी अपेक्षा. आपण स्वतः तिथे जावं असं मात्र मला तेवीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

मी आशाकाजी ताम्राकार, नायब सुब्बा. हा हुद्दा कारकुनाच्या वर आणि अधिकाऱ्याच्या खाली असतो, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायला सोयीचा. काठमांडूतल्या ज्या कार्यालयात डोंगरात जाण्याचे परवाने मिळतात, तिथली दोन नंबरची खिडकी म्हणजे मी. जगातल्या कुठल्या देशाचा माणूस माझ्यासमोर रांगेत उभा राहिला नाही ते विचारा. प्रत्येकाला परवान्याबरोबर मी चार वाक्यं फुकट देत असे : सावकाश चढा, पाणी प्या, लसणाचं सूप घ्या, डोकं दुखलं की खाली उतरा. हे ज्ञान मला कुठून मिळालं असं कोणी विचारलं नाही. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर एक जुना तक्ता आहे, त्यावर ते लिहिलेलं आहे.

मग प्रतीक्षा रिजाल मॅडम आमच्या प्रमुख म्हणून आल्या. वय एकतीस, चष्मा जाड, आणि खुर्चीत बसून काम करायचं असतं यावर विश्वास नाही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. नेमकं त्याच वेळी एका दाढीवाल्या परदेशी माणसाने विचारलं, की अमुक गावापुढचा पूल दुरुस्त झाला का? मी म्हटलं, "झाला. गेल्याच महिन्यात. मजबूत आहे."

तो गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताम्राकारजी, त्या गावापुढे पूल नाही. नदीच नाही."

"मग दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही, मॅडम."

"तुम्ही वर कधी गेला होता?"

"आत्ताच. फाईल आणायला."

"तिसऱ्या मजल्यावर नाही हो. डोंगरात!"

चार दिवसांत परिपत्रक निघालं. परवाना देणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने एकदा गोसाईंकुंडापर्यंत, म्हणजे चार हजार तीनशे ऐंशी मीटरपर्यंत, स्वतःच्या पायांनी जाऊन लेखी अहवाल सादर करावा. क्रम ज्येष्ठतेनुसार. बढतीच्या वेळी हीच ज्येष्ठता तीनदा आडवी ठेवून लोक माझ्यावरून पुढे गेले होते. आता ती एकदम उभी राहिली.

ही बातमी आमच्या मरू टोलात, म्हणजे आळीत, माझ्याआधी पोचली. घरी आलो तर तळमजल्यावरचे हर्कजंग गुरुङ काका अंगणात माझी वाटच बघत होते. काका परदेशी पलटणीतून निवृत्त झाले त्याला सव्वीस वर्षं झाली, पण अजून ते बसतानासुद्धा दोन टप्प्यांत बसतात.

"काजी, चालून दाखव," ते म्हणाले.

मी दारापर्यंत चालून दाखवलं.

"हे चालणं नाही. ही कटकट आहे. उद्यापासून पाठीवर वजन घेऊन स्वयंभू स्तूपाच्या पायऱ्या. सकाळी पाचला. किती दिवस आहेत?"

"वीस."

"वीस दिवसांत मी बकऱ्यांचे सैनिक केलेत."

सल्ले मग दारोदार मिळू लागले. वर गेल्यावर दाढी करू नका. अंघोळ तर करूच नका. डाव्या कुशीवर झोपा. शिंकू नका. एकेकाला विचारत गेलो तेव्हा लक्षात आलं, की आमच्या टोलात वर जाऊन आलेला एकही माणूस नाही, पण वर जाऊन मेलेला नातेवाईक प्रत्येकाचा एकेक आहे. समोरच्या वहिनींनी तर आपल्या मावसदिरांची गोष्ट हातवारे करून सांगितली आणि शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्यासारखाच बांधा होता हो."

पायऱ्यांसाठी विटा घ्याव्यात असं काकांचं मत होतं. माझी बायको केशरी म्हणाली, विटा कशाला, त्यापेक्षा दहा किलो तांदूळ घ्या, येताना परत तरी वापरता येतील. केशरीच्या काटकसरीपुढे मी आजवर कधी बोललेलो नाही, तेव्हाही बोललो नाही. पहिले तीन दिवस बरे गेले. म्हणजे मी साठ पायऱ्या चढायचो आणि उरलेल्या तीनशेंकडे बघत बसायचो. चौथ्या दिवशी एका माकडाने मागून येऊन पिशवी फाडली. मला कळलंच नाही. मला वाटलं आज अंग हलकं वाटतंय, व्यायामाचा गुण येतोय. खूश होऊन मी तसाच चढत राहिलो. मागे वळून पाहिलं तर माझ्यामागे खालपर्यंत तांदळाची पांढरी रेघ, त्या रेघेवर पन्नासेक माकडं, दोनशे कबुतरं आणि हात जोडलेल्या सहा म्हाताऱ्या. "केवढं मोठं दान!" त्यांतली एक म्हणाली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी दानशूर माणसाचा चेहरा केला. घरी तो चेहरा टिकला नाही.

बुटांसाठी ठमेलच्या बाजारात गेलो. दुकानदाराने माझ्या पायांकडे न बघता मला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, करून विचारलं, "दाजू, अस्सल दाखवू, अस्सलसारखे दाखवू, की त्यांच्यासारखे?"

मध्यमवर्गीय माणसाने मधले घेतले. नवे बूट आधी घालून सैल करायचे असतात म्हणून मी ते दौरासुरुवाल आणि टोपी या सरकारी पोशाखावर कार्यालयात घालून जाऊ लागलो. चालताना ते चुर्र वाजत. तीन मजले आधी सगळ्यांना कळे की नायब सुब्बा येताहेत, आणि ज्यांना मी कधी झोपेत पकडत असे ते आता जागे सापडू लागले. इथेच सांगून टाकतो, की त्या बुटांचे तळ वर जाऊन सुटले वगैरे काही नाही. या सगळ्या प्रकरणात शेवटपर्यंत धड राहिले ते बूटच.

राहता राहिला परवाना. तो तर काय, घरचाच, असं मला वाटलं होतं.

चार वर्षांपूर्वी एक नियम मी स्वतः लिहिला होता, की पन्नाशी ओलांडलेल्या अर्जदाराच्या परवान्यावर नायब सुब्बाची सही लागेल. माझं वय पंचावन्न. म्हणजे माझ्या अर्जावर माझी सही हवी. पण स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करता येत नाही. तोही नियम माझाच, फक्त आणखी जुना. माझ्या जागी दुसरं कोणी सही करायचं तर मी रजेवर हवा. दौऱ्याची रजा मंजूर व्हायला अर्जाला परवाना जोडलेला हवा. मी ही सगळी कलमं टेबलावर पसरून बसलो आणि प्रामाणिकपणे सांगतो, क्षणभर मला अभिमानच वाटला. कुठे म्हणून फट नव्हती.

शेवटी मॅडमनी वाट काढली. मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा घ्यायची, तेवढ्यापुरती शोभना खड्का हिने माझी जागा सांभाळायची, आणि मी चारचौघांसारखं बाहेरून रांगेत यायचं. शोभनाला हाताखाली घेऊन काम शिकवलं ते मीच. नऊ वर्षं. हाडाची हुशार मुलगी.

माझ्याच खिडकीसमोर रांगेत मी पावणेदोन तास उभा होतो. त्या बाजूने ती खिडकी मी पहिल्यांदाच पाहिली. ती फार खाली आहे. बोलायला कमरेत वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस आपोआप गयावया करू लागतो. माझा नंबर आला तेव्हा एकला पाच कमी होते.

"नमस्कार, दाजू," शोभना म्हणाली. कागद एकेक करून उलटले. आरोग्याचा दाखला बघितला, त्यात डॉक्टरांनी 'प्रकृती उत्तम' असं लिहून पुढे उद्गारचिन्ह का दिलंय ते विचारलं. मग ती थांबली. "फोटोची पार्श्वभूमी निळी आहे."

"शोभना, मी आहे!"

"दिसतंय ना, दाजू. पण पांढरी लागते."

"माहीत आहे गं, नियम कोणी केला?"

"तेच म्हणते. तुम्हांला माहीत असून तुम्ही निळी आणली." तिने घड्याळाकडे बघितलं. "उद्या या." आणि खिडकीची फळी खाली आली. नेमकी एकला. मीच शिकवलं होतं तिला, की फळी हळू सोडायची नाही. हळू सोडली की लोक बोट घालतात.

माझ्या मागे उभा असलेला एक टकला परदेशी मला समजावत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. मी तिसऱ्यांदा आलोय. इथे एक म्हातारा बसतो, तो तर याहून भयंकर आहे."

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी परवाना मिळाला. निघायच्या सकाळी केशरीने उंबऱ्यात उभं करून शकुन केला. उकडलेलं अंडं, सुकी मासळी, ऐलाचा, म्हणजे घरच्या दारूचा, घोट. शकुनाला नाही म्हणता येत नाही. खाली उतरलो तर काकांकडे अंडं. समोरच्या वहिनींकडे अंडं, तेही डोळ्यांत पाणी आणून. चौकात औषधवाल्याकडे अंडं आणि वर गोळ्यांचं पाकीट. बसमध्ये बसेपर्यंत पोटात सात अंडी आणि पाच घोट झाले होते. चढाई जिथून सुरू होते त्या धुन्चेच्या रस्त्याला किती वळणं आहेत याचा आकडा सरकारकडे नसेल, पण मी ती एकेक करून अनुभवली. शेजारच्या बाईने आपली जागा, आपली पिशवी आणि शेवटी आपली ओढणीसुद्धा मला देऊन टाकली.

धुन्चेला फुर्पा वाइबा भेटला. हा माझा भारवाहक. वय बावन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, पायांत रबरी चपला, आणि कपाळावर आडवा खोल वळ. सामान वेताच्या टोपलीत भरतात आणि टोपलीचा पट्टा कपाळावर घेतात, तीस वर्षांत त्या पट्ट्याने पाडलेला. त्याने माझी पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली.

"हजूर, आत काय आहे?"

मी केशरीची यादी वाचली. पोहे, लोणची दोन प्रकारची, सुकं मांस, गरम पाण्याची रबरी पिशवी, प्रेशर कुकर.

"कुकर?"

"वर डाळ शिजत नाही म्हणतात."

"वर लोक राहतात, हजूर," फुर्पा म्हणाला. पण त्याने कुकर टोपलीत घातला.

पहिल्या दिवशी मी त्याला बरंच मार्गदर्शन केलं. "सावकाश चल रे. पाणी पीत जा. नियम काय सांगतो माहीत आहे ना?" तो हो, हजूर म्हणत पुढच्या वळणावर जाऊन बसायचा आणि मी पोचलो की उठायचा. चंदनबारीच्या मुक्कामाला पोचेपर्यंत माझ्याकडची चारही वाक्यं संपली. दुसऱ्या दिवशी तर बोलायलाच श्वास उरला नाही. एरवी मी गप्प असलो की घरातले कपाळाला हात लावून ताप बघतात. फुर्पाने निसर्गाकडे बघितलं.

दुपारी लौरीबिनाच्या चढावर डोकं दुखू लागलं. मी सांगितलं नाही. नायब सुब्बाचं डोकं नियमाविरुद्ध दुखतं असं एका भारवाहकाला कसं सांगणार? मग ओकारी झाली, ती मी धुक्याकडे तोंड करून सभ्यपणे उरकली. त्यापुढचं मला अर्धवट आठवतं. वाटेत एक चौरी गाय आडवी उभी होती. केसाळ, गंभीर. फुर्पा सांगतो, की मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि करड्या आवाजात म्हणालो, "अर्ज ठीक आहे. फोटो कुठाय?" गाय काही बोलली नाही. "उद्या या," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

"हजूर, उतरायचं," फुर्पा म्हणाला.

"लेखी दे."

"आत्ता उतरायचं."

"असं तोंडी चालत नाही रे!"

त्याने पुढे वाद घातला नाही. जवळच्या चहाच्या घरात माझं सगळं सामान, कुकरसकट, उतरवलं. टोपलीची एक बाजू कापली, आत घोंगडी घातली, मला उचलून आत बसवलं, पट्टा कपाळावर घेतला आणि तो उतरू लागला. टोपलीतला माणूस पाठमोरा असतो. पाय बाहेर लोंबतात. आपण कुठे चाललो ते दिसत नाही, कुठून आलो तेच दिसतं. आणि माणूस टोपलीत बसला की आपोआप 'अहो' म्हणू लागतो. "अहो फुर्पाजी, जपून," मी म्हणालो. "अहो, दमलात तर थांबा." तो थांबला नाही. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे, आणि ते मी आरोग्य दाखल्यावर एकाहत्तर लिहिलं होतं.

वाट अरुंद होती. वर येणारे सगळे कडेला उभे राहून आम्हांला जागा देत होते. निम्म्यांचे परवाने माझ्याच सहीचे. त्यांच्यात तो टकलाही होता. त्याने मला बघितलं, मी कोण ते आता त्याला कुठूनतरी कळलेलं असावं, कारण त्याने अगदी मनापासून विचारलं, "सर, पार्श्वभूमी चालेल ना?" आणि फोटो काढला. माझ्या मागे सगळा बर्फ होता. पांढराशुभ्र.

चंदनबारीला आलो आणि अर्ध्या तासात डोकं कोणी पुसून काढावं तसं साफ झालं. चुलीशेजारी बसून मी उकडलेले बटाटे मिठाला लावून खात होतो. फुर्पा समोर बसून गुडघे चोळत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही म्हणून मीच म्हणालो, "फुर्पाजी, गुडघे?"

"हजूर, आता चालत नाहीत फार. वाटाड्या व्हायचं होतं. वाटाड्या पुढे चालतो, हात मोकळे." त्याने दुसरा गुडघा चोळायला घेतला. "परीक्षा पास झालो. दोन वर्षं झाली. पण नागरिकत्वाच्या कागदावर फुर्पा आहे आणि परीक्षेच्या कागदावर कोणीतरी फुर्वा लिहिलं, म्हणून परवाना अडला. काठमांडूला गेलो होतो एकदा. मोठं कार्यालय आहे ते, चार मजली. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. तिथे घाम फुटला, परत आलो."

"परत आलात? परवान्याशिवाय?"

"खूप माणसं होती हजूर. सगळे म्हणत होते वर जा."

मला हसू आलं होतं, ते मी बटाट्याबरोबर गिळलं. "या," मी म्हणालो. "मी येतो बरोबर. असली कामं माझ्या डाव्या हातचा मळ आहेत."

टोलात माझं स्वागत झालं. काकांनी गळ्यात खादा, म्हणजे मानाचं उपरणं, घातला. समोरच्या वहिनी जरा हिरमुसल्या होत्या, पण त्यांनीही पेढा दिला. केशरीने सगळ्यांत आधी कुकर मोजला. बाकीचं सामान मागाहून खाली आलं, तो एक तेवढा वरच राहिला होता. मॅडमना मी तीन पानी अहवाल दिला. त्या वाचून म्हणाल्या, "मार्गाचं वर्णन सगळं उलटं का आहे?" मी म्हटलं, मॅडम, जसं दिसलं तसं लिहिलं. पुढच्या महिन्यात शोभना गेली आणि कुंडाच्या काठावर हसतानाचे फोटो घेऊन चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. तिचं मी अभिनंदन केलं. मनातून नाही.

फुर्पा पौषात आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर नवी टोपी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्याच्या खांद्यावर हात टाकून मी मोठ्या रुबाबात त्या चार मजली कार्यालयात शिरलो. पहिल्या खिडकीने आम्हांला तिसरीकडे पाठवलं. तिसरीने वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्याने सांगितलं, हे काम पहिल्या खिडकीचं.

"मी पण सरकारी माणूस आहे," मी वाकून म्हणालो. तिथल्याही खिडक्या खालीच आहेत. "नायब सुब्बा."

"मग तुम्हांला तरी माहीत असायला हवं," आतला म्हणाला. "वॉर्ड कार्यालयाची शिफारस आणा. उद्या या." फळी धाडकन पडली. त्यालाही कोणीतरी नीट शिकवलं होतं.

जिन्यात फुर्पा बसला. चेहरा पांढरा. "हजूर, डोकं दुखतंय. आपण उतरू या."

"नाही," मी म्हणालो. मला रागच आला होता, आणि तो नेमका कोणावर ते कळत नव्हतं, म्हणून अधिकच. तेवीस वर्षांत माझ्या खिडकीसमोरून किती फुर्पा असे उतरून गेले असतील, याचा हिशेब करायचा नाही असं मी ठरवलं, आणि तो आपोआप होत राहिला. "तुम्ही इथे बसा. पाणी प्या. मी रांगेत उभा राहतो."

तीन दिवस लागले. घरी केशरी त्याला भात वाढत होती आणि काका त्याला युद्धाच्या गोष्टी सांगत होते, ज्या तो खरंच ऐकत होता. आमच्या टोलात ही नवलाई होती. तिसऱ्या दिवशी, बारा वाजून वर चाळीस मिनिटं झाली असताना, शेवटच्या खिडकीने एक फॉर्म सरकवला. फुर्पा आणि फुर्वा एकच आहेत अशी ओळख पटवणाऱ्या माणसाने तो भरायचा. नाव. हुद्दा. पत्ता. मी सुंदर अक्षरात लिहिलं. मग शेवटचा रकाना आला : अर्जदाराशी नातं.

मी लेखणी उचलून धरली. भाऊ नाही. शेजारी नाही. मालक म्हणवेना. मित्र लिहावं तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत मी त्याच्या घरात माणसं किती ते विचारलेलं नव्हतं, आणि सरकारी कागदावर मी आजवर एकच खोटं लिहिलंय, ते वजनाचं.

"लवकर करा," आतला म्हणाला. "रिकामं चालत नाही."

रिकामं चालत नाही हे मला कोण शिकवणार! मी लिहिलं : ओझं.

त्याने फॉर्म आत ओढला, वाचला, परत वाचला. "हे काय नातं?"

"यांनी मला पाठीवरून खाली आणलं," मी म्हणालो. "लौरीबिनापासून."

त्याने मान वर केली. फुर्पाच्या कपाळावरचा तो वळ बघितला. मग जरा पुढे वाकून माझ्या पोटाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि शिक्का मारला.